ताईंनी मोकळी लिहिलेली जागा

वनमालाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाजारात सीताफळं निवडत होतो. त्यांची मुलगी म्हणाली, "काका, आई गेली... पहाटे." पिशवी फळवालीकडेच राहिली. घरी येईपर्यंत मला ताईंचा नुसता राग येत होता. अहो, असं न सांगता जायचं असतं का? इतकी वर्षं भांडलो आम्ही, आणि शेवटचा शब्द पुन्हा त्यांचाच!

यवतमाळात शहराचे नकाशे करणाऱ्या कार्यालयात आम्ही दोघं एकत्र होतो. ताई पाहणीला हिंडायच्या, मी टेबलाशी बसून त्यांच्या नोंदींवरून नकाशा रंगवायचो. राहत्या घरांना पिवळा रंग, मोकळी जागा कोरी. साहेबांना एकच आकडा हवा असे. शहर वाढतंय, तर घरांसाठी जागा किती शिल्लक? त्या आकड्यासाठी ताई आर्णी रोडपासून घाटंजी रोडपर्यंत, कापसाच्या वावरात नुकत्याच पडलेल्या लेआउटांमधून स्कूटी ढकलत फिरायच्या. दाराला कायमचं कुलूप दिसलं की ते घर राहतं म्हणून धरायच्या नाहीत. "मालक पुण्यात अन् घर इथं. मंग त्यात काय पाली राह्यते?" दोरीवर कपडे वाळत असले, ओट्यावर पाण्याचा ड्रम भरलेला असला, तरच घर. दर सहा महिन्यांनी पुन्हा तोच फेरा, पुन्हा नव्या नोंदी, आणि खाडाखोड माझ्या नशिबी. मी चिडलो की म्हणायच्या, "काहून तणतण करून राह्यला, रंगाऱ्या? शहर काय तुह्यासाठी थांबते?" वर आपला डबा उघडून माझ्यापुढे सरकवायच्या, त्यामुळे माझा राग फार टिकत नसे.

अशा बाईच्या हातून चूक झाली, आणि ती त्यांच्याच नियमाने झाली. घाटंजी रोडच्या अलीकडे उतारावर शेतमजुरांची वस्ती आहे; शहराची हद्द वाढली म्हणून ती त्या वर्षी पहिल्यांदाच पाहणीत आली होती. कापूस वेचणीच्या दिवसांत ही माणसं महिना-दीड महिना शेतांवर मुक्कामाला जातात. मागे ठेवलेलं सामान राहील याचा भरवसा नाही, म्हणून बांबू, ताडपत्र्या, भांडीकुंडी सगळं सोबत न्यायचं. नेमक्या त्या दिवसांत ताई तिथे पोचल्या. ना दोरी, ना ड्रम. त्यांनी लिहिलं, 'मोकळी जागा'. मी कोरी सोडली. पुढे शहराच्या आराखड्याचा मसुदा लोकांसाठी कार्यालयाच्या भिंतीवर लागला, तेव्हा त्या उतारावर नव्या इमारती आखलेल्या होत्या, दुसऱ्याच कुणासाठी.

वस्तीतली कांताबाई एके दिवशी त्या भिंतीपुढे येऊन उभी राहिली. माझ्याकडून सगळं वाचून घेतलं आणि ताईंकडे वळून म्हणाली, "बाई, आमी एवढे लोक... कागदावर कुठी गेलो?" ताईंचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेलो नाही. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

साहेब म्हणाले, पाहणीच्या तारखेला जागा रिकामी होती, विषय संपला. खोटं कुणीच बोललं नव्हतं, पण वस्ती उठणार हे सगळ्यांना कळत होतं. ताईंनी काय करावं? स्वतःच्याच पाहणीवर लेखी हरकत घेतली! निवृत्तीला जेमतेम सहा महिने उरलेले. मी ओरडलोच, "ताई, डोकं ठिकाणावर आहे का? जाता जाता चौकशी लागेल मागे."

"लागू दे. माही फक्त चौकशी होईन. त्यायचं घर जाऊन राह्यलं, विलास."

मग महिनाभर त्या रोज संध्याकाळी वस्तीत जायच्या. पोरांची लसीची कार्डं, शाळेचे दाखले, रेशनकार्डं, जे हाती लागेल ते गोळा केलं. नाही नाही म्हणत झेरॉक्सच्या रांगेत मीच उभा राहिलो. सुनावणीत ताई उठल्या आणि भरल्या हॉलमध्ये म्हणाल्या, "साहेब, मी वेचणीच्या दिवसात गेलती. हे लोक कामावर गेलते, घर सोडून नाही. चूक माही आहे, त्यायची नाही." माझी छाती अभिमानाने भरून आली होती. तसं त्यांना मी कधी सांगितलं नाही... आज सांगतो.

चौकशी लागली, ताकीदही मिळाली. ती ताकीद त्यांनी हसत हसत मला वाचून दाखवली. निकालाला मात्र फार वेळ गेला. यंदाच्या उन्हाळ्यात आराखडा मंजूर झाला आणि तो उतार पिवळा झाला. ताईंचं तोवर डायलिसिस सुरू होतं. मी नकाशाची प्रत घेऊन गेलो. चष्मा लावून त्यांनी त्या पिवळ्या तुकड्यावर बराच वेळ बोट फिरवलं. मला वाटलं आता रडतील. कसलं काय!

"रंगाले काय लागते, कुठीबी लावता येते. ते वेचणीले गेल्यावर तू जाऊन पाह्यजो. तवा समजन."

"दोघं जाऊ," मी म्हटलं. त्यांनी चष्मा काढून नकाशावर ठेवला.

ताईंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, घरी सगळे श्रद्धांजलीला जमले तेव्हा, कांताबाई आली होती. फोटोला फूल वाहिलं, माझ्याजवळ येऊन बसली. "आमी सोमवारी वेचाले चाल्लो, भाऊ," एवढंच म्हणाली.

मागच्या रविवारी मी एकटाच गेलो. टळटळीत दुपार, वस्ती सामसूम. माणूस सोडा, कुत्रंही नाही. पण बांबू जागच्या जागी होते, ताडपत्र्या तशाच ताणलेल्या, दारं तारेने बांधलेली. दोन ठिकाणी विटांच्या भिंती कमरेएवढ्या आल्या होत्या. एका अंगणात पपईचं रोप होतं, बकऱ्यांनी खाऊ नये म्हणून भोवती काट्या लावलेल्या. मी एकेका दारापुढे थांबत सगळी वस्ती मोजली, आणि मोजता मोजता मला रडू कोसळलं. ताई हव्या होत्या हो! इतकी वर्षं सगळं पाठीवर घेऊन जाणारी माणसं यंदा घर मागे ठेवून कामाला गेली होती.