माझ्या गाडीचं पिकअप आणि सागरची शेरवानी

गाडी घेताना लोक इंजिन किती मोठं ते विचारतात. पातेल्याचं झाकण किती घट्ट बसतं, हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

परमुलखात गलाईचं दुकान चालवून, म्हणजे दुसऱ्यांचं सोनं गाळून, मी विट्याला परत आलो आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर मोठ्या इंजिनाची टर्बो गाडी घेतली. तिच्या पिकअपचं मी इतकं कौतुक करायचो, की गल्लीतले लोक मला बघून रस्ता बदलायचे. (चालत असूनही ते माझ्यापेक्षा लवकर पोचायचे, ही गोष्ट वेगळी!)

पुतण्या सागरचा साखरपुडा फलटणला ठरला. "नवरदेव माझ्याच गाडीतनं येणार!" मी जाहीर केलं. बॉनेटला झेंडूची माळ, पुढे मी आणि आमची सौ., मागे मोतिया रंगाच्या शेरवानीत सागर, शेजारी आमच्या आत्या. आत्यांनी पहाटे उठून आटवलेल्या बासुंदीचं पातेलं सागरच्या मांडीवर.

"डिकीत ठेवा की," मी म्हणालो.

"डिकीत सांडंल," आत्या म्हणाल्या. "पोराच्या मांडीवर काय हुतंय तिला?"

बाकीची मंडळी माझे मेहुणे दिलीपराव यांच्या जुन्या, चिमुकल्या गाडीत कोंबली होती.

"दाजी, मागनंच येतो तुमच्या," दिलीपराव म्हणाले.

"मागनं? दिसणार तरी आहे का मी तुम्हाला?"

मायणी सोडली आणि समोर मेंढरं आली. एवढी, की रस्ताच लोकरीचा झालाय असं वाटावं! मी हॉर्न वाजवला. मेंढक्यानं सावकाश मागं वळून पाहिलं.

"पावनं, मेंढरं हॉर्नला भीत न्हाईत. मी बी न्हाई."

तोवर दिलीपरावांची डबडी मागं येऊन उभी. पुढे दहिवडीतला बाजार, मग घाटात धापा टाकणारा ट्रक. दर वेळी मी सुसाट सुटायचो, थांबायचो, आणि आरशात दिलीपराव हात हलवत असायचे. माझं इंजिन जेवढं तापलं, त्याच्या दुप्पट मी!

घाट उतरल्यावर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला. मागे दोन ट्रेलर, त्यांवर डोंगराएवढा ऊस. बराच वेळ मी त्या उसाचे शेंडे बघत सरपटत होतो. शेवटी समोरचा रस्ता मोकळा दिसला.

"सागर, आता बघ पिकअप!"

"काका, नको! पातेलं..."

मी पाय दाबला. गाडी पुढं गेली, बासुंदी मात्र होती तिथंच राहिली. म्हणजे झाकण उडालं आणि निम्मी बासुंदी थेट सागरच्या छातीवर!

"आरं सुभाष, पोराला न्हाऊ घातलंस की रं!" आत्या ओरडल्या.

काय झालं म्हणून मी मागे पाहिलं आणि पुन्हा समोर पाहतो, तर दुसरा ट्रॅक्टर! मी ब्रेक दाबला. उरलेली बासुंदी दोन सीटांमधून पुढे आली आणि गिअरच्या दांड्यावर बसली.

सौ.नं दांड्यावरचा बदामाचा काप उचलून माझ्यासमोर डॅशबोर्डवर ठेवला.

उसाच्या आडोशाला गाडी घेतली. सागर रडायच्या बेतात. "काका, ती काय म्हणंल मला बघून? बदामाचे काप लागलेत गळ्याला!"

"कापडं काढा," सौ. मला म्हणाली.

"कुणाची?"

"तुमचीच! आपल्या गाडीत दुसरं कोरडं हाय कोण?"

माझी नवी कोरी शर्ट-पँट सागरच्या अंगावर गेली. कमरेत तो दोनदा मावला असता. आत्यांनी सेफ्टी पिना लावल्या. मी बनियनवर फलटणात शिरणं शक्य नव्हतं, म्हणून बाटलीभर पाण्यानं पुसलेली ती शेरवानी मी चढवली. बटणं पोटापाशी येऊन थबकली. वेलदोड्याचा असा घमघमाट सुटला, की पाच-पंचवीस माश्या आमच्याबरोबर फलटणपर्यंत आल्या.

मांडवापाशी पोचलो तेव्हा दिलीपराव खुर्चीत बसून चहा पीत होते. "दाजी, कुठं राहिला?"

मी खाली उतरलो. माळ घातलेली गाडी, तिच्यातनं उतरलेली शेरवानी! बायका ताट घेऊन धावल्या. मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत माझ्या कपाळाला कुंकू, तोंडात पेढा. मुलीची आजी काठी टेकत आली. तिनं माझं टक्कल पाहिलं, पोट पाहिलं, माश्या पाहिल्या.

"आगं बया! फोटूत तर लय कवळा दिसत हुता ह्यो!"

आजीनं नातीचा हात धरला. "पोरी, आजून येळ हाय. नीट इचार कर."

मुलीला हसू आवरेना. "आजी, ते काका हायत. सागर मागं उभा हाय बघ."

पिना लावलेला सागर लाजत पुढे आला आणि दोघं एकमेकांकडे बघून जे हसत सुटली, ते अंगठ्या घालेपर्यंत हसतच होती. साखरपुडा झोकात झाला.

आजीनं मात्र हायसं वाटून सौ.च्या पाठीवर हात ठेवला. "वाचली गं माझी नात!"

माझ्याकडे एकदा आपादमस्तक बघून सौ. म्हणाली, "आजी, तुमी माझ्या टायमाला कुठं हुता वो?"