फुकटच्या कामाची चावी

आमच्या घरात माझ्या कामाला ‘ते फुकटचं’ म्हणतात. बारामतीच्या कॉलेजात शिकवते ती नोकरी, आणि लोणी भापकरला घरी आल्यावर चहा पिता पिता लॅपटॉप उघडून जे करत बसते ते फुकटचं. हे बारसं सासूबाईंनी केलं. मी त्यांना आत्या म्हणते.

फुकटचं म्हणजे काय ते सांगते. लिनक्स या संगणकप्रणालीच्या काळ्या पडद्यावर एखादी यादी छापली, की इंग्रजी अक्षरं कवायतीला उभी केल्यासारखी सरळ येतात आणि मराठी अक्षरं बाजाराला निघाल्यासारखी. वेलांटी-उकाराला जागा किती लागते, हे त्या यंत्राला उमगत नाही. मुलांचे निकाल छापताना या प्रकाराला मी इतकी वैतागले, की त्यासाठी एक छोटी लायब्ररी लिहिली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामनं हाक मारली की त्याच्या मदतीला धावून जाणारा प्रोग्राम. कुणीही न्या, उघडून बघा, दुरुस्त करा, पैसा नको. लोकांनी नेली. पुढं ती मोठमोठ्या प्रोग्रामांच्या पोटात जाऊन बसली आणि त्यांच्याबरोबर जगभरच्या यंत्रांत. नवी आवृत्ती सोडायची चावी, म्हणजे पासवर्डच म्हणा, मात्र माझ्या एकटीकडे.

मग माझा अंगठा गेला. मनगटातून अशी कळ यायची, की तव्यावरची भाकरी उलटवता येईना. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि म्हणाले, नोकरीपुरतं टाइप करा, बाकी सगळं बंद. बाकी सगळं म्हणजे अर्थात ते फुकटचं. आता चावी कुणाला तरी देणं भाग होतं, आणि भलत्याच्या हाती पडली तर तो माझ्या नावावर जगभरच्या यंत्रांत काय वाटेल ते घुसवू शकला असता. या काळजीनं माझं जेवणावरचं लक्ष उडालं.

नेमका त्याच सुमारास एक भला माणूस उगवला. नाव-गाव धड कळत नव्हतं, पण दुरुस्त्या सुबक पाठवायचा आणि माझ्या प्रत्येक ओळीला वा वा करायचा. तुमचं काम थोर आहे, तुम्ही दमला असाल, चावी माझ्याकडे द्या, मी सांभाळतो. पाठोपाठ आणखी दोघं-तिघं अनोळखी लिहायला लागले, की नवी आवृत्ती अडली कुठं, या सज्जन माणसाला चावी का देत नाही? मला वाटलं, देवानंच धाडला. नवरा म्हणाला, “देऊन टाक आणि मोकळी हो.” पण त्याचं काय सांगावं. पाहुण्यानं नुसती तारीफ केली तर हा ट्रॅक्टरसुद्धा देऊन टाकील.

याच्या उलट एक जुना खडूस होता. तो दूर कुठल्याशा थंड देशात ईमेल वाचायचा एक प्रोग्राम सांभाळतो आणि त्यात माझी लायब्ररी वापरतो. इतक्या वर्षांत त्यानं कधी रामराम केला नाही. हे नाव चुकलंय, ती चाचणी अपुरी आहे, इथं जोडाक्षर सरकतंय, एवढंच. मी त्याला घरात खवीस म्हणायचे. आत्याही सकाळी विचारायच्या, “आला का गं तुझा खवीस?”

उन्हाळ्यात आमच्याकडे उडदाचे पापड होतात. गल्लीतल्या बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात, आज आमच्या दारी, उद्या दुसरीच्या. मजुरी कुणी घेत नाही. फक्त पिठाच्या लाट्या तेलात बुडवून मनसोक्त खायच्या आणि यजमानणीच्या पिठाला नावं ठेवायची. यंदा एक म्हणाली, पापडखार जास्त झालाय. दुसरी म्हणाली, उडीद जुना लागतोय. आत्यांचं तोंड आंबट झालं, पण लाट्यांचं ताट त्यांनी पुन्हा भरलं. माझ्या अंगठ्याला पट्टा, म्हणून मी आपली पापड उन्हात घालत होते. बाया गेल्यावर मी आत्यांना त्या भल्या माणसाची गोष्ट सांगितली.

“किती दिस येतोय कामाला?”

“झाले की पाचसहा महिने.”

“तुझ्या पिठाला कधी नावं ठेवली त्यानं?”

“नाही. उलट कौतुकच करतो.”

“सवताच्या घरचं काय बोलतो?”

“काहीच नाही.”

“मग ती बाई पापड लाटाया आलेली न्हाय,” आत्या म्हणाल्या. “लाटी खात न्हाय, नावं ठेवत न्हाय. ती घर बघाया आलीया.”

आता यात आत्यांना फार शहाणपण चिकटवायला नको. गॅसवाला, कोथिंबीरवाली, माझा सख्खा भाऊ, सगळ्यांवर त्यांचा संशय असतो. रोज दहा खडे मारले की एखादा लागायचाच. तरी मनात पाल चुकचुकली. मी त्या सज्जनाला लिहिलं, की एकदा व्हिडिओवर समोरासमोर बोलू, आणि या लायब्ररीतल्या खटकणाऱ्या दोन गोष्टी सांगा.

उत्तर आलं, कॅमेरा बिघडलाय, आणि खटकण्यासारखं काहीच नाही, सगळं उत्तम. चावी कधी देता? मी पुन्हा तेच विचारलं. मग तो गप्प झाला, आणि त्याच्या बाजूनं ओरडणारे ते दोघं-तिघंही त्याच दिवशी गप्प झाले. तेव्हा लख्ख कळलं, की ती सगळी एकाच चुलीवर जेवणारी माणसं होती. आणि राग आला तो त्याच्यापेक्षा माझाच जास्त, चार वेळा वा वा म्हटल्यावर भाळले म्हणून.

मग मी खविसाला लिहिलं. तो लगेच व्हिडिओवर आला. विरलेला स्वेटर, मागं दोरीवर मोजे वाळत घातलेले. नमस्कार न करताच म्हणाला, लायब्ररी कशी वापरायची ते सांगणारी तुमची पानं फार भिकार आहेत. तेवढ्यात आत्या माझ्या खांद्यावरून डोकावल्या.

“ह्यो व्हय खवीस? जेवला का इचार.”

मी विचारलं. तो म्हणाला, जेवलोय, पण सूपात मीठ जास्त होतं, बायकोला सांगून उपयोग नाही. मी आत्यांना मराठीत सांगितलं.

“ह्याला दे,” आत्या म्हणाल्या आणि पापड काढायला निघून गेल्या.

मी दिली. चावी मिळाल्यावर त्यानं पहिलं काय केलं, तर जोडाक्षरं मोजायची माझी सगळ्यात जुनी युक्ती उपटून टाकली. त्या युक्तीचा मला फार अभिमान होता. खाली कारण लिहिलं होतं आणि ते बरोबर होतं. मी डाव्या हातानं ‘ठीक’ एवढंच लिहिलं.

पुढच्या रविवारी सवयीनं लॅपटॉप उघडला. माझ्या नावानं एकही तक्रार नव्हती. सगळ्या त्याच्या नावानं आल्या होत्या, रांग लागली होती. पूर्वी असल्या तक्रारी वाचून मी कपाळावर हात मारून घ्यायचे. आता एकेक वाचत गेले. प्रत्येकीचं उत्तर मला येत होतं आणि मला कुणी विचारलं नव्हतं. मी वाट बघत बसले. थोड्या वेळानं त्यानं पहिलं उत्तर टाकलं, माझं असतं त्यापेक्षा आखूड आणि चांगलं. खरं सांगते, मला रडू आलं. काय झालं म्हणून आत्यांनी विचारलं, तर अंगठा दुखतोय म्हणाले.