आवडाबाईंचा पाठ आणि कडूबाचा हात

बिडकीनच्या ख्रिस्ती वस्तीत आवडाबाई शिरसाठ यांना नावाने कोणी हाक मारत नसे. लहानथोर सगळे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत. माहेर कन्नड गावचे. हैदराबादवर पोलीस ॲक्शन झाली त्याच्या पुढच्या वर्षी लग्न होऊन त्या इकडे आल्या, थोड्याच वर्षांत विधवा झाल्या, आणि मिशनने त्यांना बायबलबाई म्हणून नेमले. काम असे, की वस्तीला शास्त्र वाचून दाखवायचे, समजावून सांगायचे, आजाऱ्याजवळ बसायचे, बाळंतिणीची विचारपूस करायची. पाळकसाहेब महिन्यातून एका रविवारी औरंगाबादहून येत, प्रभुभोजन देत आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत जात. बाकीचे सगळे दिवस बाईंचे.

बाईंचे काम मोठे शिस्तीचे होते. वस्तीत वाचता येणारे थोडे, म्हणून दर शुक्रवारी दिवेलागणीला त्या एक वचन घ्यायच्या आणि सगळ्यांकडून घोकून घ्यायच्या. त्या दिवशी फक्त पाठांतर. अर्थ पुढच्या शुक्रवारी. एकाच दिवशी दोन्ही सांगितले तर लोक अर्थ ऐकता ऐकता वचन विसरतात, असा त्यांचा अनुभव होता. या पद्धतीने कितीतरी वचने त्यांनी वस्तीच्या जिभेवर बसवली होती, आणि मनातून त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता.

एका श्रावणात त्यांनी येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातले वचन घेतले. उजवा हात पापात पाडत असेल तर तो तोडून फेकून द्यावा, सगळ्या देहानिशी नरकात जाण्यापेक्षा एक अवयव गेलेला बरा, असे ते वचन. लोकांनी ते झटक्यात पाठ केले. कडक बोल लवकर तोंडी बसतात. दुसऱ्याच दिवशी कन्नडहून निरोप आला, की धाकटी बहीण बाळंतपणात अडली आहे. बाई मिळेल त्या गाडीने निघाल्या. पुढचा शुक्रवार तिकडेच गेला, त्याच्या पुढचाही गेला. अर्थ सांगायचा राहिला.

बहीण सुखरूप सुटली, मुलगी झाली. बाई खुशीत बिडकीनला उतरल्या, तर स्टँडवर सारजाबाई वाट बघत उभी. ही कडूबा दोरवाल्याची बायको.

“सलाम, बाई. बरं झालं आलात. तुमच्या वचनानं माझं घर बुडवलं!”

“का गं? काय झालं?”

“काय व्हायचं ऱ्हायलं? आमच्या मालकानं उजवा हात पोटाशी बांधून घेतलाय. डाव्या हातानं जेवत्यात. रविवारी पाळकसाहेब आले का त्यांच्या म्होरं तोडायचा, म्हणत्यात. म्या कुऱ्हाड कडब्यात दडवली, बाई. पर विळा, खुरपं, काय काय दडवू?”

दुसरा कोणी असता तर बाई हसल्या असत्या. पण कडूबा जिद्दीचा माणूस. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याने तंबाखू सोडली, ती परत चिमूटभरसुद्धा तोंडात टाकली नव्हती. तो बोलला म्हणजे करणार.

यामागचे कारण सगळ्या वस्तीला माहीत होते. कडूबा आणि त्याचा थोरला भाऊ रामकिसन, दोघेही अंबाडीच्या वाकाचे, म्हणजे सालीच्या धाग्यांचे, दोर वळायचे. पोळ्याच्या आधी शेतकऱ्यांना बैलांसाठी नवे कासरे, नव्या वेसणी लागत, तेव्हा त्यांची खरी कमाई. लांब दोर एकट्याने वळत नाही. एका टोकाला एक, दुसऱ्याला दुसरा, असे दोघे भाऊ वर्षानुवर्षे वळत आले होते. त्या श्रावणात भर बाजारात, गिऱ्हाइकासमोर रामकिसन म्हणाला, “कडूबा, ह्यो वाक कुजका हाय. दोर तुटला तर बापाचं नाव जाईल.” कडूबाने थोरल्याच्या कानाखाली वाजवली. तेव्हापासून बोलणे बंद. आणि त्याच आठवड्यात बाईंनी ते वचन घोकून घेतले होते.

बाई पिशवीसकट थेट कडूबाच्या दारात गेल्या. तो भिंतीला टेकून बसला होता. हात खरोखरच पोटाशी करकचून बांधलेला, तोही स्वतः वळलेल्या दोराने. शेजारी त्याची म्हातारी आई साळूबाई शेंगा फोडत होती.

“कडूबा, हे काय आरंभलंस?”

“तुम्हीच शिकवलं, बाई. म्हणून दावू?” आणि त्याने वचन घडाघडा म्हटले. एक शब्द चुकला नाही.

“अरे, ते रूपक आहे. शब्दाला शब्द धरून घ्यायचं नसतं.”

“रूपक म्हंजी खोटं का?”

प्रशिक्षणाच्या वर्गात हा शब्द बाईंना शिकवला होता, तेव्हा असे कोणी विचारले नव्हते. होय म्हणावे तर प्रभू खोटे बोलला असे होते, नाही म्हणावे तर कुऱ्हाड. त्या ओट्यावर टेकल्या. साळूबाईने मूठभर शेंगा पुढे केल्या, आणि त्या सुरकुतलेल्या तोंडाकडे बघता बघता बाईंना एकदम सुचले.

“साळूबाई, हा लहानपणी कसा होता?”

“लई द्वाड! सारखा आडात वाकून बघायचा. जीव निस्ता टांगणीला.”

“मग तुम्ही काय म्हणायच्या?”

“काय म्हणणार? मेल्या, परत आडाकडं गेलास तर तंगडी मोडून हातात दीन!”

“मोडली का कधी?”

म्हातारी भडकलीच. “आगं बाई, माझ्या पोटचा गोळा त्यो! तंगडी शाबूत ऱ्हावी म्हणून तर वरडायची!”

“म्हणजे खोटं बोलायच्या तुम्ही.”

“खोटं कसं? आडाकडं फिरकू द्यायचं नव्हतं, ते खरंच व्हतं की! हळू सांगून ऐकलं असतं का ह्यानं?”

बाई कडूबाकडे वळल्या. “ऐकलंस? तुझी आई खोटं बोलली का?”

कडूबाने आईकडे बघितले. मग म्हणाला, “म्हंजी प्रभू आईवाणी वरडलाय.”

“होय. तू काठावर उभा आहेस म्हणून.”

“पर बाई, थोरल्याला मारलं ते मारलंच. ते कुठं जातंय?”

“ते कुठं जात नाही. म्हणून काहीतरी तोडायला तर लागणारच.”

“बाई!” सारजाबाई किंचाळली.

“तू थांब गं. कडूबा, हात बांधल्यापासून रामकिसनच्या दारात गेलास?”

“नाय.”

“का?”

“आधी त्यानं माझ्या वाकाला कुजका म्हणला. चारचौघात.”

“बघ. हात द्यायला तयार आहेस, पण त्याच्या दारात चार पावलं जाववत नाही. ‘आधी त्यानं’ म्हणून जे धरून बसलास ना, ते तुला आडात घेऊन चाललंय. प्रभू म्हणतो ते तोड.”

“तोड रं बाबा,” साळूबाई म्हणाली, “म्या जिती हाय तवर तोड.”

कडूबा उठला. गाठ सुटते का बघू लागला, पण पावसात भिजून ती आवळली होती. सारजाबाई हौसेने विळा घेऊन आली, तर तो तिच्यावरच खेकसला, “चांगला दोर हाय, कापती का!” आणि तसाच, बांधल्या हाताने, बाहेर पडला.

रामकिसन आपल्या दारात दोराचे एक टोक लिंबाला बांधून एकटाच वळत होता. पीळ नीट बसत नव्हता. त्याने मान वर केली.

“काय रं? आज एकाच हातानं मारणार का?”

“दादा, चुकलं माझं.”

रामकिसनने हातातले टोक खाली टाकले. जवळ येऊन गाठीत नखे घातली आणि दाताने ओढून ती सोडवली. दोर हातात आला तसा त्याने तो अंगठ्याने चोळला, उन्हाकडे धरला, दोन्ही मुठींत घेऊन जोराचा हिसका दिला. दोर तुटला नाही.

“बाजारातला त्योच वाक का?”

“व्हय.”

“बरा हाय,” रामकिसन जमिनीकडे बघत म्हणाला. “कुजका नाय.” मग लगेच आवाज चढवून, “आता उभा काय ऱ्हायलास? हाताला मुंग्या आल्या असतील तर चोळ, आन् धर त्ये टोक. पोळा काय तुझ्यासाठी थांबणार हाय? आवो बाई, मधून सरका, पीळ बसंल तुम्हाला!”

बाई हसत बाजूला झाल्या.

पुढच्या शुक्रवारपासून बाई वचन आणि अर्थ एकाच बैठकीत सांगू लागल्या. व्हायचे तेच झाले, पाठांतर मागे पडले. वर्षअखेरीला पाळकसाहेबांनी मंडळीची तोंडी परीक्षा घेतली आणि नाराजीने म्हणाले, “आवडाबाई, यंदा वचनं फारच कमी येतात लोकांना.”

“कमी येतात खरी, पाळकसाहेब,” बाई म्हणाल्या, “पण सगळ्यांचे हात जागेवर आहेत.”