हात नको, अमेरिकन आहे

"हात नको. अमेरिकन आहे." आमच्या मुलुंडच्या इमारतीत तळमजल्यावरच्या या गृहस्थांच्या दारात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य हेच. या नाही, बसा नाही. तोंडावर आम्ही त्यांना काका म्हणायचो, पाठीमागे लंबक.

घड्याळ देखणं होतं, ते नाकारत नाही. चांगलं कपाटाहून उंच, माथ्यावर लाकडी कळस. आजोबा गोदीत कामाला होते, त्यांना कुठल्याशा अमेरिकन साहेबाने देश सोडताना दिलेलं. आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून यांच्याकडे. यांचं स्वतःचं कर्तृत्व म्हणाल, तर दर रविवारी किल्ली देणं. तेवढं करतानाही चेहरा असा, की सूर्य यांच्याच किल्लीवर उगवतो. कुणी मोबाइल बघून वेळ सांगितली तर म्हणायचे, "तुमची वेळ चायनाची."

दसऱ्याला घड्याळाला झेंडूचा हार. पायाशी बारा महिने लाल मखमलीची झालर. तिच्यामागे काय आहे ते कुणी बघितलं नव्हतं. बघणार कसं? हात नको ना!

एवढ्यावर असतं तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं, आणि इथून पुढे मला याला अहोजाहो करवत नाही.

मी आणि आई तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आईचे गुडघे कामातून गेले होते, खाली उतरणं बंदच झालं होतं. तिचं मागणं एकच. "लिफ्ट झाली ना, की भाजी मी आणणार. तुला वांगी कळत नाहीत." त्या दिवसासाठी तिने जुन्या साडीची पिशवीसुद्धा शिवून ठेवली होती.

सगळ्यांनी सह्या केल्या. लंबक अडला. स्वतः स्टुलावर चढून त्याने जमिनीपासून कळसापर्यंत टेप लावली आणि जाहीर केलं, "नव्या घराचं छत माझ्या घड्याळाला वीतभर कमी पडतंय."

बिल्डर म्हणाला, "कळस काढून ठेवा."

"तुमचं डोकं काढून ठेवा," हा म्हणाला. बिल्डरही हट्टी. म्हणे, एकजण कोर्टात गेला तर मी अडकतो, सगळ्या सह्या आणा, मगच बोलू.

मी त्याच्या पाया पडायचा तेवढा बाकी होतो. "काका, आई वर अडकलीय हो."

"माणसं होतात रे ॲडजस्ट," तो म्हणाला. "घड्याळ होत नाही."

आई दोन पावसाळे थांबली. मग खाली आली ती चौघांच्या खांद्यावरून. लंबक दारात उभा होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "घड्याळ बंद केलं मी. तुझ्या आईसाठी. अमेरिकेत तशी रीत आहे." डोळे ओले होते त्याचे, खोटं कशाला सांगू. मला त्याची आणखीच किळस आली.

पुढे त्याची मुलगी बोरिवलीहून आली आणि म्हणाली, "बाबा, सही करा, नाहीतर मी येणं बंद करते." तेव्हा कुठे सही झाली.

घर रिकामं करायच्या दिवशी मी खालीच होतो. हमालांनी दोर बांधून घड्याळ उचललं. झालर गळून पडली. घड्याळ वर गेलं आणि जमिनीवर एक चौरंग उरला. चांगला हातभर उंच, सागवानी.

मुलीने आडव्या केलेल्या घड्याळाला टेप लावली. "बाबा, अहो बसतंय की हे. वर जागा उरतेय."

तो चौरंगाकडे बघत राहिला. "मी लहान असताना घरात पाणी शिरलं होतं," तो पुटपुटला, "तेव्हा बाबांनी चढवलं होतं यावर." मला वाटलं, आता तरी आईचं नाव घेईल. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "मग मला कुणी आठवण का नाही करून दिली?"

अशा माणसावर शिवीसुद्धा कशाला खर्च करायची.

नवं घर त्याने बघितलं नाही. इमारत होईपर्यंत भांडुपला भाड्याने राहत होता, तिथेच वारला. आता नव्या इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या त्याच्या घरात मुलगी राहते. परवा तिने चहाला बोलावलं. घड्याळ फरशीवर उभं, कळसाच्या वर मोकळी जागा.

"हात लावा हो, काही होत नाही," ती म्हणाली. चांगली आहे ती.

मी नाही लावला. चहा संपवला, आईची पिशवी उचलली आणि लिफ्टने खाली भाजीला गेलो. मला वांगी अजून कळत नाहीत.