आप्पांचं वजन मीच वाढवलं!

चहाचा कप आधी खाली ठेवा राव. मागे हा किस्सा कंपनीच्या कँटीनमध्ये सांगत होतो, तर एकाला असा ठसका लागला की सुपरवायझर धावत आला. आणि हसायचं तर खुशाल हसा. माझी बायको अजून हसतेय, तुम्हाला कोण अडवणार?

तर झालं असं, की माझी आई गेली आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, लातूरकडं गावी एकटे पडले. काही महिन्यांनी मी त्यांना इकडं पुण्याजवळ मोशीला बोलावून घेतलं. बसमधून उतरले तेव्हा मी ओळखलंच नाही हो! सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. गालाची हाडं वर आलेली. मला खरंच भीती वाटली. आई तर गेली, आता हेही हातचे जातात की काय, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मी निघोज्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग मापात आहेत का बघायचं, नसले की लाल टॅग लावून बाजूला काढायचं. म्हटलं, एवढे भाग मापात आणतो, एक बाप मापात आणता येणार नाही? डॉक्टरांना दाखवलं. सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, "आजार काही नाही. पोटभर जेवू घाला."

घ्या! जेवू तर घालतच होतो! रोज ताटावर आमचं असं चालायचं.

"आप्पा, अजून एक पोळी वाढू?"

"नको रे बाबा, झालं."

"बरं."

मग सुषमा, म्हणजे आमची सौभाग्यवती, विचारायची, "आप्पा, भात?"

"नको नको."

"बरं आप्पा."

की झालं जेवण! आम्ही दोघं पडलो शहाणी, सुधारलेली माणसं. वयस्कर माणसाला आग्रह करून कशाला छळायचं? त्यांच्या शब्दाला मान द्यायचा. आणि कंपनीत तर मला सवयच लागलेली. तिथं कुणी 'नको' म्हणालं की विषय संपला, पुढचा भाग उचलायचा.

आप्पा मात्र मोशीत आल्यावर अजूनच उतरले. मग मी पेटलो. डिजिटल वजनकाटा आणला. बदाम आणले, खजूर आणले, आणि आणली पावडर! भलामोठा डबा, वेलची फ्लेवर, वर दंड फुगवून उभा असलेला एक बाप्या.

"आप्पा, ही रोज दुधातून घ्यायची. बघा कशी तब्येत होते!"

आप्पांनी डब्यावरच्या त्या बाप्याकडं बराच वेळ बघितलं. मग ग्लास उचलला आणि म्हणाले, "खाली चक्कर मारत मारत पितो."

दर रविवारी मी त्यांना काट्यावर उभं करायचो. पहिल्या रविवारी काटा ढिम्म. दुसऱ्याला ढिम्म. आणि मग एके दिवशी, काय सांगू राव, अर्धा किलो वाढलं! मी घरात नाचलो! त्याच्या पुढच्या रविवारी अजून वाढलं! सुषमा म्हणाली, "अहो, पण जेवण तर त्यांचं तेवढंच आहे."

"मग पावडर कशाला म्हणतात तिला!" मी छाती फुगवून म्हणालो. डब्यावरच्या बाप्यासारखीच.

आता मला सांगा, एवढं यश मिळाल्यावर माणूस गप्प बसेल? मी सोसायटीच्या ग्रुपवर आप्पांचा फोटो टाकला. आधी आणि नंतर! खाली लिहिलं, 'योग्य नियोजन, योग्य परिणाम.' लोक दारात यायला लागले. कुणाचे सासरे वाळलेले, कुणाची आई. मी सगळ्यांना पावडरचं नाव लिहून दिलं. जाता-येता लोक नमस्कार करायला लागले. एवढंच काय, गेटवरचा टायगर नावाचा कुत्रा, जो आधी माझ्या बाइकच्या मागे भुंकत धावायचा, तोही मला बघून शेपटी हलवायला लागला. मला वाटलं, मोठेपण जनावरालासुद्धा कळतं.

शेवटी लोकच म्हणाले, एकदा सगळ्यांना नीट समजावून सांगा. मी तयारच! रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या. मध्ये वजनकाटा. काट्यावर आप्पा. शेजारी मी, हातात डबा धरून.

"मंडळी, निश्चय केला तर काय होत नाही? बघा माझ्या आप्पांकडं! ही सगळी या डब्याची..."

एवढ्यात दारातून टायगर घुसला. सरळ माझ्या अंगावर! दोन्ही पाय माझ्या छातीवर आणि तोंड डब्यात. मी ओरडतोय, तो चाटतोय. तेव्हा मी त्याला पहिल्यांदा नीट बघितलं. हे गुबगुबीत झालेलं, अंग तुकतुकीत! अख्ख्या मोशीत तसला कुत्रा नसेल.

"अहो, याला हा वास ओळखीचा दिसतोय," कुणीतरी म्हणालं.

मी आप्पांकडं वळलो. आप्पा छताच्या पंख्याकडं बघत होते.

"आप्पा?"

"आता काय करू लेकरा, लै गुळमट होतं रे ते. टाकून द्यायला जीव होईना. म्हनून मुक्या जनावराला पाजलं."

हॉलमध्ये हशा पिकला. पण मी क्वालिटीचा माणूस, कारण शोधल्याशिवाय सोडतो काय! "मग वजन कशानं वाढलं?"

त्याचं उत्तर चालतच आत आलं. शेवंताकाकू! या मोशीच्या जुन्या बागायतदारीण. आमची सोसायटी उभी आहे ते त्यांचंच वावर होतं, त्यामुळं कुठंही कशाही आत येतात. त्यांचे यजमान बबनराव आणि आप्पांची दोस्ती जमलेली. आम्ही दोघं कामावर गेलो की आप्पा दुपारचा डबा घेऊन त्यांच्याकडं जेवायला बसायचे, एवढं आम्हाला ठाऊक होतं.

"रविवारी आप्पा येत न्हाईत, म्हनून मीच आले," काकू म्हणाल्या. पदराखालून टोपली काढली, ताटली काढली, आप्पांना खुर्चीवर बसवलं आणि वर भरीत-भाकरी वाढली. एवढ्या लोकांसमोर! आप्पांनी ती भाकरी संपवली. काकूंनी दुसरी उचलली.

"नको वैनी, झालं," आप्पा म्हणाले आणि ताटलीवर हात आडवा धरला.

काकूंनी ऐकलंच नाही. भाकरी सरळ त्या हातावर ठेवली. "व्हय व्हय, झालं न्हवं? मग ही खावा."

आणि आप्पांनी खाल्ली! मुकाट्यानं! तिसरीला पुन्हा "नको", पुन्हा हात आडवा, पुन्हा हातावर भाकरी. तीही गेली. मी डबा धरून उभा. सुषमानं माझ्याकडं बघितलं, मी सुषमाकडं.

मला एकदम आई आठवली. ती भाकरी पाठीमागं लपवून आप्पांच्या शेजारी उभी राहायची, आणि 'नको' म्हणता म्हणता ताटात टाकायची. आयुष्यात कधी आप्पा जेवताना 'हो, वाढ' म्हणाले नव्हते. पहिलं 'नको' हे फक्त बोलायचं असतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं हो! आणि मी म्हाताऱ्याला त्याच्याच लेकाच्या घरात अर्धपोटी उठवत होतो. डोळ्यांत पाणीच आलं.

"आप्पा, भूक होती तर मागायचं ना!"

आप्पा खाली बघत म्हणाले, "मागून हाटेलात खात्यात रे लेकरा. घरात वाढत्यात."

मी पावडरचा डबा तिथंच टायगरसमोर ठेवून दिला. आणि त्या दिवसापासून आमच्या घरी आप्पांच्या ताटाशेजारी मी पोळी लपवून उभा असतो. वजन वाढतंय, खरंखुरं!

इथं संपलं असतं तर बरं होतं. पण पुढच्या रविवारी काकूंनी आम्हाला सगळ्यांनाच जेवायला बोलावलं. मटणाचा रस्सा! वास गल्लीच्या तोंडापर्यंत. मी मुद्दाम सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. पहिली भाकरी कधी संपली कळलंही नाही. काकू पातेलं घेऊन समोर आल्या.

"वाढू का?"

आता आप्पांचाच मुलगा मी! लोकाच्या घरी पहिल्या फटक्यात हो कसं म्हणणार? ताटावर हात आडवा धरला. "नको काकू, झालं."

"बरं," काकू म्हणाल्या आणि पातेलं घेऊन पुढं गेल्या.

"काकू, अहो..."

"तुमच्यात नको म्हंजे नको न्हवं? आप्पांनी सांगितलंय मला."

आप्पा हसायला लागले. ताट मांडीवरून घसरेल इतके हसले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. डोळे पुसत म्हणाले, "सूनबाई, घरी गेल्यावर याला ती पावडर दे गं थोडी. पोरगं लै वाळलंय."

तीही नशिबात नव्हती हो. डबा टायगरनं कधीच संपवला होता.