सेनोबिया मावशीचं पान

कोचाबाम्बा शहराच्या मोठ्या बाजारामागे, जिथे मिनीबसवाले दुपारी गाड्या लावून पोटाची सोय बघतात, तिथे सेनोबियाची खाणावळ होती. शेंगदाण्याचं सूप ही तिची ख्याती. कच्चे दाणे सोलून पाट्यावर वाटायचे, हाडांच्या रश्शात घालून मंद आचेवर ढवळत राहायचं, वरून तळलेल्या बटाट्याच्या काड्या. एक वाडगा प्यायला की माणूस संध्याकाळपर्यंत दुसरं काही मागत नसे. सेनोबिया स्वतः मात्र त्या सुपाला तोंड लावत नसे. उभा जन्म दाणे वाटून त्यांचा वास नाकात बसला होता, आणि त्याने तिला मळमळायचं. गिऱ्हाइकं उठली की ती चुलीपाशी उभ्या उभ्याच एक उकडलेलं मक्याचं कणीस आणि ताज्या चीजची एक चकती खायची. हे तिने कुणापासून लपवलं नव्हतं. ज्याला बघायचं त्याला दिसत होतं.

लग्न तिने केलं नाही. धाकटी बहीण निल्दा स्पेनला म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली, ती आपला पोरगा हिच्या ओटीत टाकून. लवकरच परत येते म्हणाली आणि तिकडेच रमली. लिंबर्ट वाढला तो खाणावळीच्या टेबलाखाली, काड्या चोरून खात. माय मरो पण मावशी जगो, म्हणतात. ह्याची माय चांगली ठणठणीत होती, पण ताप आला की हाक मावशीलाच जायची. सेनोबियाच्या आयुष्यात मिरवण्यासारखं एवढंच होतं, आणि तिला ते पुरेसं वाटे.

पुढे लिंबर्ट लिमाला स्वयंपाक शिकून आला आणि शहराच्या वरच्या अंगाला, जिथे घरांना कुंपणं आणि कुत्र्यांना आडनावं असतात, तिथे त्याने रेस्टॉरंट काढलं. हिरवं दार, वर पाटी नाही. पाटी नसणं हीच तिथली प्रतिष्ठा. आत मोजकीच टेबलं, आणि प्रत्येक पदार्थाबरोबर लिंबर्ट स्वतः येऊन एक गोष्ट सांगणार.

सेनोबियाला तिथे एकदा जेवायचं होतं. तिने तसं सांगितलंही. तो म्हणाला, जरा जम बसू दे. मग म्हणाला, आगाऊ नोंदणी भरलीये. मग म्हणाला, मावशी, तुला नाही आवडायचं तिथलं, तुझी भूकसुद्धा भागायची नाही. एकदा मात्र तो आपणहून आला आणि खाणावळीतले पोचे आलेले जुने पत्र्याचे चमचे मागून घेऊन गेला. तिथे सगळ्यांना तुझ्याबद्दल सांगतो मी, म्हणाला. सेनोबियाने ते चमचे राखेने घासून, फडक्यात बांधून दिले आणि आठवडाभर गिऱ्हाइकांना ऐकवलं की आपले चमचे आता वरच्या वस्तीत राहायला गेलेत.

तिथे जेवून आलेले लोक इंटरनेटवर आपापलं मत लिहायचे, आणि खाणावळीतलं जुनं गिऱ्हाईक, मिनीबसवाला फ्रॉइलान, जेवता जेवता ते फोनवरून मोठ्याने वाचून दाखवायचा. एकाने लिहिलं होतं, आयुष्यातली सर्वांत सुंदर संध्याकाळ. दुसऱ्याने लिहिलं होतं, बटाटा मातीत पुरून आणला, कुठवर माती आणि कुठून मसाला ते कुणी सांगितलं नाही, मी दोन्ही खाल्लं. एक जोडपं जेवून निघालं ते थेट कोपऱ्यावरच्या गाडीवर सॉसेज खायला थांबलं होतं. एका बाईंना खुर्ची टोचली. एका गृहस्थाला त्या जेवणाने आपलं बालपण परत मिळालं होतं. सेनोबिया चांगल्या मताला हसायची आणि वाईट मतावर वाडगा आपटायची. पण फ्रॉइलान कधी कधी वाचता वाचता मध्येच थांबायचा. बॅटरी गेली, म्हणायचा. फोनचा उजेड त्याच्या तोंडावर पडलेला असायचा तरी म्हणायचा.

ऑक्टोबरात सेनोबियाची दाढ दुखायला लागली. बाजाराजवळच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली आणि हिरडी बधिर होईपर्यंत गप्पा काढल्या. लिंबर्टचं नाव निघताच बाई खुर्ची ओढून जवळ आल्या.

"त्याच्या मावशी तुम्ही? म्हणजे त्या गेल्या, त्या तुमच्या बहीण. फार वाईट वाटलं हो मला. आम्ही तिथे जेवलो त्या दिवशी मी रडले. थोरल्या होत्या की धाकट्या?"

सेनोबियाला बहीण एकच. दाढ तशीच ठेवून, अर्धं तोंड लुळं, ती रस्त्यावर आली आणि तिथूनच स्पेनला फोन लावला. निल्दाने उचलला. ती कुठल्याशा म्हाताऱ्याला जेवू घालत होती, पाठीमागे टीव्ही चालू होता. बोलायला का अडखळतेस, दारू प्यायलीस का, असं तिने विचारलं. सेनोबियाने देवाचे आभार मानले, फोन ठेवला आणि बाजाराच्या भिंतीला टेकून उभी राहिली. निल्दा जिवंत आहे. मग गेलं कोण? उत्तर एकच उरत होतं.

खाणावळीत येऊन तिने फ्रॉइलानसमोर हात पुढे केला. बॅटरी आहे का आज, एवढंच विचारलं. त्याने आजूबाजूच्या टेबलांकडे पाहिलं. सगळे ताटात बघत होते. सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि सगळे इतके महिने तिच्या हातचं जेवून मूग गिळून बसले होते.

फ्रॉइलानने खाली मान घालून वाचलं. तिसऱ्या पदार्थाला दिवे मंद होतात. प्रत्येकाच्या हातात एक पत्र्याचा चमचा येतो. शेफ सांगतो की हे चमचे त्याला वाढवणाऱ्या मावशीचे. मरताना तिने शेंगदाण्याचं सूप एक चमचाभर मागितलं आणि तो ते घेऊन पोचेपर्यंत ती गेली होती. माझ्या बायकोला हुंदका आवरला नाही. सूप मात्र कोमट होतं.

"तुम्हाला कसं सांगायचं, डोन्या सेनोबिया?" फ्रॉइलान म्हणाला. "जीभ वळली नाही."

"सूप गिळायला बरी वळत होती."

तिने लिंबर्टला फोन केला नाही. ते रागामुळे नव्हे. तिला लाज वाटली. चूक त्याची, आणि तोंड लपवायची पाळी तिच्यावर आली होती. ज्याला हाताने घास भरवला त्याने केसाने गळा कापला, आणि तोही इतक्या गोड आवाजात, की ऐकणाऱ्यांना रडू फुटावं. रात्री झोपताना ती आपल्या मरणाचा विचार करायची. तिला ते सूप आठवायचं आणि मळमळायचं.

नोव्हेंबर आला. पहिल्या तारखेला दुपारी बाराला आत्मे घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी बाराला परत जातात, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गेलेल्या माणसाचा फोटो ठेवायचा, त्याच्या नावाने भाजलेली पावाची बाळं आणि आत्म्याला चढाउतरायला पावाची शिडी मांडायची, आणि त्याला जे जे आवडत होतं ते सगळं पानात वाढायचं. नावडतं एकही नाही. येणाऱ्या जिवाचा तो मान आहे. फ्रॉइलाननेच, जणू पापाची फेड म्हणून, सांगितलं की हिरव्या दारामागे यंदा पहिल्या तारखेला दुपारी बाराला खास जेवण आहे. मावशीसाठी.

सेनोबियाने सणाचा घेरदार परकर नेसला, वेण्यांना नव्या फिती बांधल्या, उंच पांढरी हॅट घातली. फ्रॉइलानने तिला आपल्या मिनीबसमधून वर नेलं.

दार उघडणाऱ्या मुलीने नोंदणी कुणाच्या नावाने आहे ते विचारलं.

"सेनोबिया," ती म्हणाली. "आजची मयत."

मुलगी बाजूला सरकली.

आत काळ्या कापडाचं उंच टेबल होतं. त्यावर तिचा फोटो, खाणावळीच्या उद्‌घाटनाच्या दिवशीचा, कडेवरचा लिंबर्ट कापून टाकलेला. समोर मेणबत्ती. पाहुणे हातात पत्र्याचे चमचे धरून बसले होते आणि लिंबर्ट पांढऱ्या कोटात उभा राहून बोलत होता. मावशी कशी त्याच्यासाठी जेवण मागे ठेवायची, ते सांगत होता. ते खरं होतं. म्हणूनच जास्त लागलं.

त्याने तिला पाहिलं आणि त्याच्या तोंडचा रंग उडाला. सेनोबियाला वाटलं, आता हा रडेल. आता पायावर डोकं ठेवेल, मावशी म्हणेल, आणि आपण लगेच माफ करून टाकू. तिचा हात उचललाही गेला होता.

तेवढ्यात एका पाहुण्याने टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. एक बाई तोंडावर रुमाल धरून रडू लागली. एक म्हातारी क्रूसाची खूण करून पर्स घेऊन उठली आणि चालती झाली. एक तरुण फोन उंच करून फोटो काढत होता, आणि त्याच्या शेजारचा कुरकुरत होता की ह्या नाटकात सूप गार होतंय. त्यांना वाटलं, हाही जेवणाचाच भाग.

लिंबर्टने एकदा पाहुण्यांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग पुढे येऊन तिचा उचललेला हात धरला, पाहुण्यांकडे वळला आणि म्हणाला, "बारा वाजलेत. मावशी वेळेवर आली."

टाळ्यांनी खोली भरून गेली. दुसऱ्यांदा मारलं त्याने तिला, आणि ह्या खेपेला हात हातात घेऊन.

त्याने तिला टेबलापाशी बसवलं. पानात काय काय होतं ते तिने पाहिलं. तिखट कोंबडी. पातळ कापलेल्या मांसावर अंडं. तळलेल्या काड्या. मध्यभागी शेंगदाण्याचं सूप, अंगठ्याएवढ्या भांड्यात. एकेक पदार्थ तिच्या ओळखीचा होता. तापातून उठल्यावर मागितलेलं, वाढदिवसाला हट्ट करून करवून घेतलेलं.

"हे कुणाच्या आवडीचं रे?" तिने हळूच विचारलं.

"तुझ्या, मावशी. तूच करायचीस ना."

"करायची मी. खायचास तू. मला काय आवडतं?"

तो वाकून कानाशी म्हणाला, "नंतर बोलू. आत्ता जेव थोडंसं, लोक बघतायत." आणि सुपाचं ते इवलंसं भांडं तिच्या पुढ्यात सरकवलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. कच्च्या दाण्यांचा तो वास नाकात शिरला, आणि सेनोबिया उठून बाहेर आली. लोकांनी ह्यालाही टाळ्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाणावळीत कुणी नव्हतं. आत्म्यांना निरोप द्यायला गाव दफनभूमीकडे गेलं होतं. लिंबर्ट आला, हातात पावाचं एक बाळ कागदात गुंडाळलेलं. तो बसला नाही. म्हणाला, मी ठरवून नव्हतं केलं मावशी. पहिल्यांदा नुसतं म्हणालो, हे सूप माझी मावशी करायची. एका परदेशी बाईला वाटलं तू गेलीस, ती माझा हात धरून रडली. मला तिला खोटं पाडवेना. मग लोक तीच गोष्ट मागत यायला लागले.

"जिवंत मावशीसाठी कुणी रडत नाही, मावशी," तो म्हणाला.

सेनोबिया ऐकत होती. अजूनही तिला वाटत होतं की पुढचं वाक्य माफीचं असेल.

"काल लोक वेडे झाले," तो म्हणाला. "एकाने लिहिलंय, सूप ठीकठाक, पण मावशी अप्रतिम. दर शुक्रवारी आलीस तर? नुसतं दारातून यायचं. बोलायचंसुद्धा नाही."

चुलीवर मक्याचं कणीस उकडत होतं. बाजूला ताटलीत चीजची चकती होती. त्याने दोन्हींकडे पाहिलं आणि त्याला काही कळलं नाही. सेनोबियाने कणीस उतरवलं, हात पुसले. बाहेर चर्चच्या बाराच्या घंटा वाजायला लागल्या. तिने त्याच्या हातातलं पावाचं बाळ घेतलं, त्याच्या दंडाला धरून त्याला दारापर्यंत नेलं, लहानपणी शाळेत जाताना न्यायची तसं, आणि कॉलर नीट केली.

"काल बाराला मी आले होते," ती म्हणाली. "आज बाराला जायचं असतं. आता तुझी गोष्ट सांग खुशाल, लेका. खोटी नाही राहिली ती."

आणि तिने आतून कडी लावली.