मी उभा राहिलो तेवढा वेळ

अमेरिकेतल्या लढाईमुळे तिकडचा कापूस बंद झाला होता आणि विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवा होता. त्या उन्हाळ्यात परतवाड्याच्या छावणीतून आमची तुकडी अमरावतीला कापसाच्या आवारावर पहाऱ्याला गेली. हवालदार धरून बारा जण. त्यांत ख्रिस्ती दोघेच, मी आणि शिपाई शमुवेल. मी जालन्याचा. तो मोर्शीकडचा, माळ्याचा मुलगा.

पाचला परेड, सहाला पहारा बदल. रविवारी परेडनंतर आम्ही दोघे आवारामागे प्रार्थना करायचो. अपराध्यांना क्षमा करण्याच्या ओळीवर मी गप्प व्हायचो.

"हवालदारापायी?" शमुवेलने एकदा विचारलं.

"हो."

हवालदार बलदेवसिंगने मी पहाऱ्यावर झोपल्याचा खोटा रिपोर्ट दिला होता. त्यात माझी नाइकी गेली, मी पुन्हा साधा शिपाई झालो. मी त्याला रोज सॅल्यूट करायचो आणि मनात त्याचं मरण मागायचो.

शमुवेल म्हणाला, "मलेई राग येते. सैतान काई बाहीर नाई बसून राह्यला, आपल्यातच हाये. त्याले रोज हाकला लागते."

मे महिन्यात एके दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास पूर्वेची छपरी पेटली. कापूस आधी आतून धुमसतो. ज्वाळा दिसल्या तेव्हा अर्धी छपरी गेली होती. हवालदाराने दोन हमालांना बाहेर ढकललं. तो निघणार तोच वरची कापसाची गासडी त्याच्या पायांवर कोसळली. दारापाशी मी होतो.

"याकूब! पाँव दबा है!"

मी हललो नाही. घाबरलो नव्हतो. जाऊ दे, असं मनात आलं आणि बरं वाटलं.

शमुवेल विहिरीकडून धावत आला.

"कावून उभा हायेस?"

एवढं बोलून तो आत शिरला. मग मी गेलो. त्याने पाठ लावून गासडी उचलून धरली, मी हवालदाराला ओढत बाहेर काढलं. वळून पाहिलं तर छप्पर खाली आलं होतं. शमुवेल आतच राहिला.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "हवालदाराला काढायला उशीर का झाला?"

"धूर होता, साहेब."

मी ओढून बाहेर काढलं म्हणून हवालदाराने खोट्या रिपोर्टाची कबुली दिली. माझी नाइकी परत आली.

पंधरा दिवसांनी रजा घेऊन मी शमुवेलच्या गावी गेलो. त्याची आई वांग्याच्या वाफ्यात होती. तिने आमचा धर्म घेतला नव्हता. मी तिला खरं ते सांगितलं. मी लगेच आत गेलो असतो, तर तुमचा मुलगा वाचला असता.

तिने हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"हे तुह्या सायबाले सांगतलं?"

"नाही."

"मंग मले कायले सांगतं? जाय, त्याले सांग."

परत येताच मी साहेबांपुढे उभा राहिलो आणि सांगितलं. नाइकी पुन्हा गेली. ती पुढे मिळाली नाही, मी मागितलीही नाही.

शमुवेलला छावणीच्या कबरस्तानात कडेच्या ओळीत पुरलं. दगडावर नाव आणि पलटण आहे. वय घालायचं राहून गेलं. तो चोवीस वर्षांचा होता.